एका चिखल्याची चोच आणि संदर्भग्रंथांची निवड : एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील पक्षीनिरीक्षक बाई व्यवसायाने पक्षिशास्त्रज्ञ नाहीत. चार वर्षे त्या नियमितपणे पक्षी पाहत होत्या, तारीखवार टिपणवही ठेवत होत्या आणि त्यांच्याजवळ एकच फील्ड गाइड, म्हणजे बाहेर पक्षी पाहताना ओळख पटवण्यासाठी जवळ बाळगायचे पुस्तक, होते, ज्याचा कणा हाताळून हाताळून दोनदा चिकटवावा लागला होता. त्यांनी मला विचारले ते एका वाक्यात : "आता सगळे काही असलेले एक मोठे पुस्तक घ्यायचे आहे, तुम्ही कोणते सांगाल?" मी लगेच नाव सांगितले नाही, कारण सगळे काही असलेले पक्ष्यांचे पुस्तक आजवर कोणी लिहिलेले नाही. जे ग्रंथ तसे वाटतात त्यांतही काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय लेखकाने आधीच घेतलेला असतो आणि तो वाचकाच्या गरजेशी जुळेलच असे नसते. म्हणून मी त्यांना उलट विचारले की, फील्ड गाइडने तुमची शेवटची निराशा कधी आणि नेमकी कशात केली? त्यांनी टिपणवही उघडून एका चिखल्याचे, म्हणजे इंग्रजीत प्लव्हर म्हणतात त्या पक्ष्याचे, पान माझ्यासमोर ठेवले.

पक्षी

ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर हा पक्षी एकटाच चरत होता. पाठ करडी-तपकिरी, पोट पांढरे, छातीच्या दोन्ही बाजूंना करडे ठिपके, आणि विणीच्या हंगामात दिसणाऱ्या तांबूस पट्ट्याचा मागमूस नाही. त्यांनी अकरा छायाचित्रे घेतली होती, त्यांपैकी चार बऱ्यापैकी स्पष्ट होती. हा चिखल्यांपैकी सँड प्लव्हर आहे याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. तो लेसर की ग्रेटर, म्हणजे धाकटा की थोरला, यावर मात्र तीन जाणकारांकडून त्यांना दोन उत्तरे मिळाली होती. त्यांच्या फील्ड गाइडात या दोन पक्ष्यांतील फरक तीन ओळींत सांगितला होता : ग्रेटर आकाराने मोठा, त्याची चोच अधिक लांब व जाड, पाय अधिक लांब. यांतले एकही विधान चुकीचे नाही. परंतु दोन भावंडे शेजारी उभी असतील तरच त्यांतले थोरले कोणते हे नुसत्या उंचीवरून सांगता येते. एकटेच भावंड दारात उभे राहिले, तर "थोरले उंच असते" हे ज्ञान काही उपयोगाचे नाही.

येथे फील्ड गाइडची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण मोठ्या पुस्तकाकडे वळणारे बरेच जण आपले लहान पुस्तक कमी दर्जाचे होते अशी समजूत करून घेतात. रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ मध्ये जे फील्ड गाइड प्रसिद्ध केले, त्याचे सामर्थ्य गाळण्यात होते. सारखे दिसणारे पक्षी एकाच पानावर आणायचे, जेथे फरक आहे तेथे बारीक रेघ काढून दाखवायचे आणि उरलेल्या तपशिलाबद्दल मौन पाळायचे, हे ते तंत्र. दुर्बीण गळ्यात असताना, पक्षी कोणत्याही क्षणी उडणार हे ठाऊक असताना वाचकाला तेवढेच हवे असते. या बाईंचा प्रश्न मात्र घरी आल्यावर, छायाचित्र समोर ठेवून, सावकाश विचारण्याचा होता. प्रश्नाची जागा बदलली की पुस्तकाची जातही बदलावी लागते.

त्यांचा मूळ विचार

बाईंनी मनात जवळजवळ पक्का केलेला ग्रंथ म्हणजे 'हँडबुक ऑफ द बर्ड्‌स ऑफ द वर्ल्ड'. बार्सिलोनाच्या लिंक्स एडिसियन्स या संस्थेने त्याचे सोळा खंड १९९२ ते २०११ या काळात काढले आणि २०१३ मध्ये नव्याने वर्णन झालेल्या जाती व सर्व खंडांची एकत्रित सूची असलेला आणखी एक खंड जोडला. जगातील प्रत्येक जिवंत पक्षिजातीचे रंगीत चित्र आणि मजकूर एकाच ग्रंथमालेत आणण्याचे काम त्यापूर्वी कोणी पूर्ण केलेले नव्हते. त्या कपाटाकडे पाहूनच माणूस दबतो. बाईही दबल्या होत्या आणि त्यात गैर काही नाही.

मी त्यांना सुचवले की, घेण्याआधी एक दिवस मोठ्या ग्रंथालयात काढावा, मिळतील तेवढे ग्रंथ एका टेबलावर मांडावेत आणि प्रत्येकाला हाच एक चिखल्या दाखवावा. प्रश्न तीन ठरवले : एकटा, विणीच्या हंगामाबाहेरच्या पिसाऱ्यातला (अंगावरच्या पिसांच्या रूपातला) पक्षी ओळखण्यासाठी हे पुस्तक काय देते, या पक्ष्याचे वय काय, आणि पुस्तक जे सांगते ते कशाच्या आधारावर. तिसरा प्रश्न बाईंना सुरुवातीला अनावश्यक वाटला होता. पुढे त्यानेच सर्वांत जास्त वेळ घेतला.

ग्रंथालयातील दिवस

सुरुवात अर्थातच जगाच्या हँडबुकापासून झाली. चिखल्यांचे कुल त्याच्या तिसऱ्या, १९९६ च्या खंडात आहे. कुलाच्या प्रारंभीचा दीर्घ लेख बाईंनी जागेवरून न उठता वाचला. चिखल्या पळतो, थबकतो, टिपतो आणि पुन्हा पळतो ही चाल त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती. तो भक्ष्य डोळ्यांनी शोधतो, म्हणून त्याचे डोळे मोठे आणि चोच आखूड असते, उलट चिखलात चोच खुपसून स्पर्शाने अन्न शोधणाऱ्या तुतवार कुलातील बऱ्याच पक्ष्यांची चोच लांब आणि टोकाशी संवेदनशील असते, हा संबंध त्यांच्यासाठी नवा होता. परंतु त्यांच्या चिखल्याविषयीची स्वतंत्र नोंद काढली तेव्हा चेहरा उतरला. वर्गीकरण, उपजाती, प्रसार, अधिवास, अन्न, वीण, स्थलांतर, संख्यास्थिती असा सारा ऐवज तेथे होता, मात्र पक्ष्याचे वर्णन काही ओळींतच आटोपलेले होते आणि चित्रांत हवा तो पिसारा हव्या त्या कोनातून नव्हता. या ग्रंथाने पहिल्या प्रश्नाला फील्ड गाइडपेक्षा फारसे अधिक उत्तर दिले नाही. हा ग्रंथाचा दोष मानता येत नाही, कारण पक्षी कसा जगतो हे सांगण्यासाठी तो लिहिला आहे आणि पक्षी कोणता हे वाचकाला आधीच ठाऊक आहे असे तो गृहीत धरतो.

यानंतर सालिम अली आणि एस. डिलन रिप्ली यांचे 'हँडबुक ऑफ द बर्ड्‌स ऑफ इंडिया अँड पाकिस्तान' काढले. दहा खंडांचा हा ग्रंथ १९६८ ते १९७४ या सहा वर्षांत प्रथम प्रसिद्ध झाला. त्याची रचना आजच्या वाचकाला किंचित अपरिचित वाटते, कारण त्यात प्रत्येक उपजातीला, म्हणजे एकाच जातीच्या प्रदेशपरत्वे थोड्या वेगळ्या दिसणाऱ्या गटाला, स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र नोंद आहे. क्षेत्रात दिसणाऱ्या खुणा, आढळ, सवयी, अन्न, आवाज, वीण असे करत करत शेवटी संग्रहालयातील नमुन्यांवरून केलेले वर्णन आणि मिलिमीटरमधील मापे येतात. सालिम अलींची सवयींविषयीची वाक्ये वाचताना पक्षी डोळ्यांपुढे उभा राहतो आणि पुढे गेलेल्या अर्धशतकाने त्या गुणाला काही केलेले नाही. रंगीत चित्रे मात्र मोजकी आहेत, आणि ती पाहून सँड प्लव्हर ओळखण्याचा विचार कोणी करू नये.

मापांचा तक्ता पाहून बाईंना आनंद झाला, तो मला थोडा आवरावा लागला. पक्ष्याची चोच मोजण्याच्या एकाहून अधिक पद्धती आहेत. कोणी ती कवटीच्या हाडापासून मोजतो, तर कोणी कपाळावरची पिसे जेथे संपतात तेथून, आणि एकाच पक्ष्याच्या या दोन मापांत काही मिलिमीटरचा फरक पडतो. पंखाचेही तसेच : तो नैसर्गिक बाकासह मोजला की पट्टीवर दाबून सरळ करून मोजला, यावर आकडा बदलतो. शिवाय संग्रहालयातील कातडी वाळताना किंचित आकसते आणि पायांचा, चोचीचा, डोळ्यांभोवतालच्या कड्याचा रंग तर पार उडून जातो, त्यामुळे तो रंग नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर संग्राहकाने लिहून ठेवला असेल तरच कळतो. म्हणून एका ग्रंथातील मापांची दुसऱ्या ग्रंथातील मापांशी तुलना करण्यापूर्वी दोन्हींच्या प्रस्तावना वाचाव्या लागतात. संदर्भग्रंथ विकत घेऊन त्याची प्रस्तावना न वाचणारे लोक मी बरेच पाहिले आहेत. खरे सांगायचे तर बराच काळ मीही त्यांच्यातलाच होतो.

आणि छायाचित्रात मिलिमीटर नसतात, ही अडचण उरतेच. तेथे प्रमाण उपयोगी पडते. बाईंच्या प्रश्नाला हवे होते ते मापांचे असे भाषांतर : चोचीची लांबी डोक्यावर टेकवून पाहिली, तर चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा ती जास्त भरते की कमी?

'बर्ड्‌स ऑफ द वेस्टर्न पॅलिआर्क्टिक' हा ऑक्सफर्डचा नऊ खंडांचा ग्रंथ, १९७७ ते १९९४ मधला. त्याचा तिसरा खंड, १९८३ चा, किनाऱ्यावर चरणाऱ्या, पक्षीनिरीक्षक ज्यांना सरसकट वेडर म्हणतात त्या पक्ष्यांपासून कुरवांपर्यंतचा (इंग्रजीत गल) आहे. तपशिलाची इतकी दाटी मी दुसऱ्या कोणत्याही पक्षिग्रंथात पाहिलेली नाही. पिसाऱ्याचे वर्णन वयानुसार वेगळे आहे, पिसे झडून नवी येण्याचा क्रम आणि काळ दिलेला आहे, मापे कोणत्या नमुन्यांची हे सांगितलेले आहे, आवाजाचे आलेख आहेत, आणि भौगोलिक फरकांवर स्वतंत्र परिच्छेद आहे. संक्षेपांची भाषा अंगवळणी पडण्यातच अर्धा तास गेला. परंतु वयाचा प्रश्न येथे सुटला. छायाचित्रात पंखावरच्या लहान आच्छादक पिसांना फिकट, स्वच्छ किनार होती आणि त्यांच्यामागची खांद्यावरची पिसे एकरंगी करडी, नवीन दिसत होती. प्रौढात ही सर्व पिसे साधारण एका वयाची आणि एका छटेची असतात. येथे अंड्यातून बाहेर पडल्यानंतरचा पहिला पिसारा अर्धा उरला होता आणि अर्धा बदलला होता, म्हणजे पक्षी पहिल्या हिवाळ्यातला होता. बाईंनी हे स्वतः वाचून, स्वतः ताडून काढले. त्या क्षणी त्यांच्या तोंडून निघालेले "अरे, हे तर दिसतच होते की!" हे वाक्य या प्रकरणात नोंदवून ठेवावे असे मला वाटते.

या ग्रंथाची एक मर्यादा त्याच्या नावातच आहे. युरोप, मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका या टापूत जो पक्षी नोंदला गेलेला नाही, त्याला यात जागा नाही. सँड प्लव्हर तेथपर्यंत पोहोचतात म्हणून आमचे काम झाले. एखाद्या स्थानिक सातभाईविषयी प्रश्न असता, तर हीच नऊ जाडजूड पुस्तके निरुपयोगी ठरली असती.

सर्वांत सरळ उत्तर मिळाले ते सर्वांत लहान आकाराच्या ग्रंथातून. पीटर हेमन, जॉन मार्चंट आणि टोनी प्रेटर यांचे १९८६ चे 'शोअरबर्ड्‌स' एकाच खंडात जगातील दोनशेहून अधिक वेडर जाती घेते. विषय अरुंद असल्यामुळे प्रत्येक जातीला हवी तेवढी जागा मिळाली आहे : पिल्लावस्थेनंतरचा, विणीचा आणि विणीबाहेरचा पिसारा, उडतानाची आकृती, वय व लिंग ओळखण्याच्या खुणा, उपजाती, मापे. लेसर सँड प्लव्हरच्या उपजातींतील भेद येथे वेगळे मांडलेले होते आणि त्यातूनच तीन जाणकारांतील मतभेदाचे मूळ सापडले. लेसरच्या ॲट्रिफ्रॉन्स या उपजातीसमूहाची चोच त्याच जातीच्या मंगोलस समूहापेक्षा तुलनेने लांब असते. ज्याच्या डोळ्यांना मंगोलसची सवय आहे, त्याला ॲट्रिफ्रॉन्स पाहून ग्रेटरचा भास होणे अगदी स्वाभाविक आहे. गुंता दुसऱ्या बाजूनेही आहे, कारण ग्रेटरची पश्चिमेकडील कोलंबिनस ही उपजात लहान चोचीची असते. दोन्ही जातींच्या या सीमेवरच्या उपजाती एकमेकींच्या किती जवळ येतात, याची सविस्तर चर्चा २००० साली 'ब्रिटिश बर्ड्‌स' या मासिकातील एका लेखात झाली. १९८६ च्या पुस्तकात ती असणे शक्यच नव्हते. नियतकालिकातील लेख हा या वाचनाचा पुढचा टप्पा आहे, आणि चांगला संदर्भग्रंथ वाचकाला त्या टप्प्यापर्यंत जाण्याची सवय लावतो.

याच विषयावरचे १९७७ चे प्रेटर, मार्चंट आणि वुओरिनेन यांचे पुस्तकही टेबलावर होते. ते पक्षी हातात धरून त्यांच्या पायात ओळखीचे कडे घालणाऱ्यांसाठी आहे. दुरून पाहणाऱ्याने ते चाळून बाजूला ठेवावे, तसे आम्ही ठेवले.

नाव बदलले तेव्हा

येथपर्यंतचा हिशेब ठीक होता, परंतु बाईंनी एक रास्त शंका काढली. "जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीचे पुस्तक तुम्ही मला नव्याने घ्यायला सांगता आहात, ते शिळे नाही का झाले?" ही शंका योगायोगाने याच पक्ष्याच्या संदर्भात सर्वांत चांगली तपासता येते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असे दिसले की, ॲट्रिफ्रॉन्स समूह त्याच्याच जातीतल्या मंगोलस समूहापेक्षा ग्रेटर सँड प्लव्हरला अधिक जवळचा आहे. त्यानंतर लेसर सँड प्लव्हरच्या दोन स्वतंत्र जाती मानल्या जाऊ लागल्या : मंगोलस समूहाची सायबेरियन आणि ॲट्रिफ्रॉन्स समूहाची तिबेटन. पुढे प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जाती ज्या गटात ठेवतात त्याचे, नावही बदलले. पूर्वीच्या कॅराड्रियसऐवजी हे पक्षी आता ॲनारिंकस या प्रजातीत ठेवले जातात. ते नाव मुळात न्यूझीलंडमधल्या, उजवीकडे वळलेल्या चोचीच्या रायबिल या चिखल्यासाठी योजलेले होते. म्हणजे बाईंच्या टेबलावरच्या एकाही ग्रंथात या पक्ष्याचे आजचे नाव नव्हते.

तरीही सर्व ग्रंथ सारखे शिळे झाले नाहीत. ज्या पुस्तकाने "लेसर सँड प्लव्हर" एवढ्या एकाच शीर्षकाखाली सरासरी वर्णन दिले होते, ते या बदलानंतर खरोखर निकामी झाले, कारण ते वर्णन आता दोन जातींचे मिश्रण ठरते आणि त्यातले कोणते वाक्य कोणाचे हे सांगता येत नाही. ज्यांनी उपजाती वेगळ्या मांडल्या होत्या, त्यांतली एक ओळ पेन्सिलने खोडून वर नवे नाव लिहिले की वर्णन जसेच्या तसे लागू पडते. पिसे मोजणाऱ्याने पिसे नीट मोजली असतील, तर त्यांचे नाव नंतर कोणी काय ठेवले याने मापे बदलत नाहीत. म्हणून जुन्या ग्रंथाची पारख करताना मी प्रथम उपजातींचा मजकूर पाहतो, मग मापांचा, आणि नावांकडे अगदी शेवटी वळतो. आढळक्षेत्राचे नकाशे आणि संख्येची माहिती मात्र जुनी म्हणजे जुनीच, तेथे दयामाया नाही. नावांसाठी वर्षाकाठी सुधारल्या जाणाऱ्या जागतिक याद्या असतातच. त्या वर्षानुवर्षे एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि त्यांना एकत्र आणणारी 'ॲव्हीलिस्ट' ही यादी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

आधार कशाचा

तिसऱ्या प्रश्नाकडे आम्ही दिवस मावळताना वळलो. निमित्त झाले पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांच्या 'बर्ड्‌स ऑफ साउथ आशिया' या दोन खंडांच्या ग्रंथाचे. पहिली आवृत्ती २००५ ची, दुसरी २०१२ ची. पहिला खंड फील्ड गाइडसारखा आहे, दुसऱ्यात मापे, आढळाच्या नोंदींची छाननी आणि आवाजाचे आलेख आहेत. या छाननीमागे एक कटू इतिहास आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि संग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी संग्रहालयांतील दुसऱ्यांचे नमुने चोरून त्यांना खोट्या जागांच्या आणि तारखांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, आणि त्या चिठ्ठ्यांवर विसंबून लिहिलेल्या नोंदी वर्षानुवर्षे पुस्तकांतून फिरत राहिल्या. रानपिंगळ्याचे, एका लहान घुबडाचे, उदाहरण प्रसिद्धच आहे. हा पक्षी १८८४ नंतर खात्रीलायक रीतीने कोणी मिळवलेला नव्हता. १९१४ चा म्हणून दाखवला जाणारा गुजरातमधील नमुना माइनर्ट्‌झहागेन यांचा होता आणि तो बनावट ठरला. ती नोंद बाजूला सारून केवळ जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवर भर देऊन शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. शोधणाऱ्यांत रासमुसेन होत्या. आपली नोंद कशावर उभी आहे हे सांगणारे पुस्तक आणि न सांगणारे पुस्तक यांतला फरक बाईंना यानंतर वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

याच ग्रंथाने आवाजाचाही प्रश्न पुढे आणला. जुनी पुस्तके पक्ष्याचा आवाज अक्षरांत लिहितात आणि ती अक्षरे लिहिणाऱ्याच्या भाषेची असतात. पावशा मराठी कानाला "पेरते व्हा" म्हणतो, हिंदी कानाला "पी कहाँ" विचारतो आणि इंग्रजी कानाला "ब्रेनफीव्हर" असे ऐकू येतो. पक्षी एकच आहे आणि ओरडणेही एकच. इंग्रजी पुस्तकातील सँड प्लव्हरचा "त्रिर्र" मराठी वाचकाने स्वतःच्या उच्चारात वाचला, तर त्यातून काय निघेल याची शाश्वती नाही. ध्वनिआलेखावर वेळ आणि कंप्रता दिसतात, त्यांना भाषा नसते. तो वाचायला शिकण्यासाठी आधी पाठ असलेल्या दहाबारा पक्ष्यांचे आलेख पाहावेत आणि तो पक्षी मनातल्या मनात ऐकत बोट फिरवावे. पाठ्यपुस्तकापेक्षा हे लवकर जमते.

निर्णय आणि त्यानंतर

बाईंनी प्रथम घेतले ते 'शोअरबर्ड्‌स', कारण त्यांचे बहुतेक प्रश्न ओहोटीच्या चिखलातूनच येत होते. त्यासोबत त्यांनी वेडरांच्या छायाचित्रांचे एक पुस्तक घेतले, ज्यात एकेका जातीचे अनेक पक्षी वेगवेगळ्या उजेडात, थव्यात आणि एकटे दाखवलेले होते. चित्रकार शेकडो पक्ष्यांचे सार काढून एक नमुनेदार पक्षी रंगवतो, छायाचित्र एका क्षणीचा एकच पक्षी दाखवते. त्यामुळे चित्रावरून खूण शिकावी आणि छायाचित्रांच्या ढिगातून त्या खुणेला किती सूट द्यायची हे शिकावे, असा माझा अनुभव आहे. सालिम अली-रिप्लींचा पाणपक्ष्यांचा खंड त्यांनी जुना मिळवला.

माझा एक सल्ला चुकला, तोही येथे सांगितला पाहिजे. वयाचा प्रश्न 'वेस्टर्न पॅलिआर्क्टिक'च्या तिसऱ्या खंडाने सोडवला म्हणून तो स्वतःच्या कपाटात असायलाच हवा असा आग्रह मी धरला, आणि जगाच्या हँडबुकाचा तिसरा खंड घेऊ नका असे त्याच दमात सांगितले. बाईंनी दोन्ही मिळवले. सहा महिन्यांनी विचारले, तेव्हा मी आग्रहाने घ्यायला लावलेला खंड त्यांनी चार वेळा उघडला होता आणि त्या चारही वेळा ग्रंथालयात जाऊन काम भागले असते. मी नको म्हटलेला खंड मात्र त्यांच्या उशाशी होता. चिखल्यांचा लेख संपवून त्या समुद्रपाखरांपर्यंत पोहोचल्या होत्या. मी त्यांचे प्रश्न केवळ ओळखीचे आहेत असे गृहीत धरले होते. पक्षी डोळ्यांनी का शिकार करतो, हा प्रश्नही त्यांनी त्याच दिवशी, माझ्यासमोरच विचारला होता आणि मी तो मोजलाच नव्हता. संपूर्ण संच मात्र त्यांनी घेतला नाही. त्या ग्रंथाचा मजकूर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या 'बर्ड्‌स ऑफ द वर्ल्ड' या आंतरजालीय संग्रहात २०२० पासून सामावलेला आहे आणि तेथे तो सुधारलाही जातो, म्हणून उरलेल्या कुलांसाठी वर्गणीचा मार्ग त्यांना पुरेसा वाटला.

चिखल्याचा निकाल असा लागला. चोच टोकाशी बोथट, टोकाकडील फुगीर भाग आखूड, पाय गडद, आणि एका छायाचित्रात पक्षी उडताना पायाची बोटे शेपटीबाहेर जवळजवळ न दिसणारी. चोचीची लांबी मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराएवढी, किंवा केसभर जास्त. या शेवटच्या खुणेवर बोट ठेवून एका जाणकाराने ग्रेटर म्हटले होते, आणि ॲट्रिफ्रॉन्सची लांब चोच लक्षात घेतल्यावर त्याच खुणेचा अडसर दूर झाला. टिपणवहीत आता "तिबेटन सँड प्लव्हर, पहिला हिवाळा" असे लिहिले आहे आणि त्यापुढे कंसात "बहुधा" आहे. तो शब्द काढावा का, असे त्यांनी मला विचारले होते. चारपैकी दोनच छायाचित्रांत चोच पूर्णपणे बाजूने दिसते, तेव्हा तो राहू द्यावा असे मी सुचवले.

त्यांचा पुढचा प्रश्न मोठ्या कुरवांचा आहे, जे पूर्ण वाढीला येईपर्यंत चार वर्षे दरवर्षी वेगळे दिसतात. त्यासाठी ओल्सेन आणि लार्सन यांचा कुरवांवरचा ग्रंथ त्या शोधत आहेत. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि चुका आढळल्यामुळे २००४ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापला गेला. जुन्या पुस्तकांत ही प्रत दिसली की त्या आधी मुखपृष्ठामागचे पान उलटून छपाईचे वर्ष पाहतात, आणि आतापर्यंत दोनदा त्यांनी पुस्तक तसेच परत ठेवले आहे.